कुणाचे जावई?

धुळवडीच्या तोंडावर केजहून विड्याला निघालेल्या पुरुषाकडे लोक दोनच नजरांनी पाहतात: दयेनं किंवा हिशेबानं. एसटीत शेजारी बसलेल्या आप्पांची नजर हिशेबाची होती.

"कुणाचे जावई?"

"कुणाचाच नाही. म्हणजे, विड्यात नाही."

"समदे असंच म्हणतेत."

त्यांचंही खरं होतं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी गावच्या देशमुखांच्या जावयानं रंग लावून घ्यायला नकार दिला. सासऱ्यानं त्याला गाढवावर बसवून गावभर मिरवलं आणि वर नवे कपडे नि सोन्याची अंगठी दिली, असं गाव सांगतं. तेव्हापासून दर धुळवडीला विड्याला एक जावई लागतो. चार दिवस आधी पोरं शोधाला निघतात आणि जावई फोन बंद करून परागंदा होतात. जो सापडतो त्याच्यावर रात्रभर पहारा.

विषय माझ्यावरून हलावा म्हणून मी आप्पांना थेट स्पेनला नेलं. तिथं एस्त्रेमादुरा प्रांतात व्हियानुएवा दे ला व्हेरा नावाचं गाव आहे. कार्निव्हलच्या मंगळवारी तिथंही एका माणसाला गाढवावर बसवून गल्लीबोळांतून नेतात. शिवाय 'पेरोपालो' नावाचा पेंढा भरलेला पुतळा मिरवतात आणि शेवटी त्याची होळी करतात. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ, म्हणून आदल्या दिवशी सगळा धिंगाणा उरकून घ्यायचा.

"तिथी कोणती?" आप्पांनी विचारलं.

"बहुधा अमावास्येच्या आसपास."

"मग बरोबर हाय," आप्पा म्हणाले. काय बरोबर आहे ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी गळ्यात चपलांचा हार घातलेलं गाढव आलं, हलगी कडाडली आणि जावईबापू वर चढले. मिरवणुकीत सर्वांत शांत चेहरा गाढवाचा होता, सर्वांत ओशाळा जावयाचा आणि सर्वांत समाधानी सासऱ्याचा. गुलालात डोळे कुणाचेच दिसत नव्हते. मी मात्र कडेकडेनं, भिंतीला पाठ लावून चाललो. तरी दोन बायांनी मला हेरून आपसांत कुजबुज केलीच. मारुतीच्या देवळाशी वरात थांबली. अंगठी बोटात गेली तसा जावई प्रथमच हसला.

दुपारी आप्पांच्या घरी भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा होता.

"आमच्या ताटात परदेशी कायबी नसतं," आप्पा म्हणाले.

ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही मूळ अमेरिका खंडातले. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला नसता आणि नंतर पोर्तुगीज गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली नसती, तर ठेच्यात फक्त मीठ आणि लसूण उरला असता. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळही तिकडचंच. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस त्याच एस्त्रेमादुराचा. आणि ला व्हेराचं खोरं आज ओकच्या धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीच्या पुडीसाठी नावाजलेलं आहे. म्हणजे दोन्ही गावांत गाढव सारखं, तिखटही सारखं. हे सगळं मी सांगितलं असतं, पण तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी.

पाणी पिऊन मी ब्लॅकीची गोष्ट काढली. 1987 साली व्हियानुएवातल्या गाढवाचे हाल होणार अशी आवई ब्रिटनमध्ये उठली. 'डेली स्टार' आणि 'सन' या वृत्तपत्रांत त्याला वाचवण्याची चढाओढ लागली. 'स्टार'नं गाढव विकतच घेतलं आणि त्याची रवानगी झाली इंग्लंडमध्ये, डेव्हनच्या गाढवांच्या आश्रमात. तिथं ते उरलेलं आयुष्य सुखानं चरत राहिलं.

आप्पांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"गाढवाला आश्रम भेटला. अन् वर बसला व्हता त्याला काय दिलं?"

"काहीच नाही."

"कपडे? अंगठी?"

"नाही."

"मग त्यो गावातलाच असंल," आप्पा ठाम म्हणाले. "जावयाला कुणी असं मोकळ्या हातानं उतरवत नसतंय." आणि माझ्याकडे वळून त्यांनी पुन्हा विचारलं, "खरं सांगा, लगीन झालंय ना तुमचं?"