रात्री दोननंतरची मजुरी

करामजा बेटावर केळीची एक बाग आहे. मालकाचे नाव ल्युथस. त्याच्याकडे काम एकच: दहा केळी तोडून पेटीत भरायची, मालकाला वर्दी द्यायची आणि तीस नाणी घ्यायची. बेटावर जायला पोर्ट सरीम बंदरातून बोट लागते. तिचे भाडे तीस नाणी, परतीचेही तेवढेच. म्हणजे पहिल्या पेटीत जाण्याचे भाडे सुटते, दुसरीत येण्याचे, आणि तिसऱ्या पेटीपासून माणूस स्वतःसाठी राबू लागतो. परतताना जकात अधिकारी पिशव्या तपासतो, तो मनस्ताप वेगळा.

हे बेट ‘रूनस्केप’ नावाच्या खेळात आहे. तिथे मजुरीला जाण्यासाठी धुळ्याच्या देवपुरातला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी 2007 च्या सुमारास रात्री दोनचा गजर लावून उठत असे. सकाळच्या लेक्चरला मात्र त्याला गजर पुरत नसे. त्यासाठी आई लागे.

दोनच का, हे त्या काळातल्या कुणालाही विचारावे. 2005 मध्ये बीएसएनएलचे ‘डेटावन’ ब्रॉडबँड आले आणि त्याच्या घरगुती योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, हिशेब नाही, अशी सोय होती. दिवसा एकेक एमबी जपून वापरायचा आणि दोन वाजले की धरण फुटल्यासारखे सुटायचे. गंमत अशी, की शेतीपंपांच्या लाईटलाही खान्देशात रात्रपाळी असायची. त्यामुळे मध्यरात्रीनंतर दोनच जातीची माणसे जागी असत. बाप बॅटरी घेऊन केळीला पाणी द्यायला निघालेला आणि पोरगा केळी तोडायला.

खेळाची जन्मकथा काही फार भव्य नाही. अँड्र्यू गॉवर हा केंब्रिजचा विद्यार्थी. त्याने भावांच्या मदतीने हा खेळ लिहिला आणि 4 जानेवारी 2001 रोजी लोकांसाठी खुला केला. सुरुवातीचा कारभार नॉटिंगहॅममधल्या आईवडिलांच्या घरातून चालायचा. खेळ जावामध्ये लिहिलेला आणि थेट ब्राउझरमध्ये चालणारा. सीडी नको, ग्राफिक्स कार्ड नको, संगणकावर काही चढवायला नको. सायबर कॅफेवाला गल्ल्यावरून डोळे वटारून बघत असला, तरी त्याला पडद्यावर एक साधे वेबपान दिसायचे. जळगाव-धुळ्यासारख्या गावांत असा खेळ पोचला तो याच गुणावर. पहिल्या वर्षी सगळे फुकट होते. डॉटकॉमचा फुगा फुटून जाहिराती आटल्या, तेव्हा फेब्रुवारी 2002 मध्ये महिन्याला पाच डॉलरची वर्गणी आली. देवपुरातल्या मुलाने अर्थातच फुकटच्या अर्ध्या जगात संसार थाटला होता. डॉलर भरायला क्रेडिट कार्ड लागायचे आणि क्रेडिट कार्डाला वडील लागायचे.

आता या जगात करायचे काय? जाहिरातीत तलवारी, ड्रॅगन आणि जादू. आत शिरल्यावर पहिली कामगिरी मिळते ती लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याकडून. ड्यूकसाहेबांचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे आणि घरात काही नाही. एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ आणून द्या. अंडे कोंबड्यांच्या खुराड्यातून उचलायचे, दूध गायीखाली बादली धरून काढायचे. पिठाचे प्रकरण मोठे आहे. आधी शेतातून गहू उपटायचा. मग पवनचक्कीच्या शिड्या चढून अगदी वरच्या मजल्यावर जायचे, गहू हौदात टाकायचा, दांडा ओढायचा, पुन्हा खाली उतरायचे आणि रिकामे भांडे लावून पीठ भरायचे. भांडे विसरले असेल तर ते शोधत परत फिरायचे. हे सगळे हा मुलगा कुरकुर न करता करी. त्याच्या आईने कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायला सांगितले, की त्याचे पाय दुखत.

रूनस्केपबद्दल आमचे मत असे आहे, की हा पराक्रमाचा खेळ म्हणून विकला जातो आणि मजुरीचा म्हणून खेळला जातो. लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम, लोहारकाम, स्वयंपाक, चूल पेटवणे अशी त्यात कौशल्ये आहेत. प्रत्येक कौशल्याच्या 99 पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीला लागणारे अनुभवाचे गुण 1,30,34,431. साध्या झाडाच्या एका ओंडक्याला मिळतात 25 गुण. नुसती साधीच झाडे तोडत बसले तर 5,21,378 ओंडके झाले. त्यातही लबाडी अशी, की 92 वी पायरी गाठली तेव्हा गुण होतात 65 लाख 17 हजार. म्हणजे 99 पैकी 92 झाले तेव्हा काम जेमतेम निम्मे झालेले असते. परीक्षेत 92 पडले तर पेढे वाटणाऱ्या घरांना हा हिशेब कळत नाही. बरे, 99 झाल्यावर मानाचा झगा मिळतो, तोही फुकट नाही. मोजून 99,000 नाणी द्यायची, मग गुरू खांद्यावर झगा घालतो. पदवी मिळाल्यावर पदवीच्या कागदासाठी वेगळे शुल्क भरलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

एकदा लग्नाच्या निमित्ताने चोपड्याकडचे मामा मुक्कामाला आले होते. मोटार चालू करायच्या सवयीने त्यांना बरोबर दोनला जाग आली आणि शेजारच्या खोलीत उजेड दिसला.

“काय रे भो, रातले काय करी ऱ्हायना?”

“मामा, केळी भरतोय,” भाच्याने खरे ते सांगितले.

मामांनी खुर्ची ओढली. पुढचा पाऊण तास त्या बागेची जी तपासणी झाली, तशी ल्युथसने जन्मात पाहिली नसेल. पहिला आक्षेप झाडावर. भाचा झाडावर टिचकी मारी आणि एक सुटे केळ पिशवीत पडे. “घड कोठे शे?” मामांनी विचारले. घड नव्हता, फणी नव्हती. झाड रिकामे झाले की थोड्या वेळाने त्याच झाडाला पुन्हा केळी. लागवडीपासून वर्षभर पाणी-खत घातल्यावर खोडाला एकदाच घड येतो, तो कापला की खोड आडवे आणि पुढची आशा पिलावर, असा ज्याचा आयुष्यभराचा अनुभव, त्याला हे झाड पाहून मत्सर वाटला असल्यास नवल नाही. मग मृगबाग की कांदेबाग, हा प्रश्न झाला. भाच्याकडे उत्तर नव्हते. कारण त्या बेटावर ऋतूच नाहीत. भाव क्विंटलवर नाही, पेटीवर, आणि पेटीत दहा केळी. “हाई पेटी शे का डबा?” मामा म्हणाले. मात्र मालक पेटी भरताच रोख पैसे देतो, व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर पाठवत नाही, हे ऐकल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

मामांना मनापासून आवडली ती चोरट्या रमची कामगिरी. पोर्ट सरीमच्या धक्क्यावर तांबड्या दाढीचा फ्रँक उभा असतो. त्याला करामजाची रम हवी असते आणि जकात अधिकारी ती सोडत नाही. तेव्हा बाटली केळीच्या पेटीत खाली ठेवायची, वर दहा केळी रचायची आणि ल्युथसला पेटी पाठवायला सांगायचे. पेटी बंदरावरच्या वायडिनच्या किराणा दुकानात उतरते. दुकानाच्या मागच्या खोलीत नोकरांशिवाय कुणाला प्रवेश नाही, म्हणून त्याच्याकडे नोकरी मागायची, पांढरा ॲप्रन चढवायचा आणि आत जाऊन बाटली काढून घ्यायची. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यातला माणूस. या युक्तीतली एकही पायरी त्यांना दोनदा सांगावी लागली नाही.

जळगावचा मावसभाऊ वेगळ्या घडणीचा. सुवर्णनगरीतला. त्याने कधी कुऱ्हाड हातात घेतली नाही. तो व्हॅरॉक शहरातल्या बँकेच्या दारात उभा राही आणि ओरडे. ओरडणे म्हणजे टाइप करणे. त्यातही ओळीच्या आधी ठरावीक शब्द टाकले की डोक्यावरची अक्षरे रंगीत होत, लाटेसारखी हलत. शेवंडीचे मासे घ्या, कोळसा घ्या, इकडून स्वस्त उचला, तिकडे चार नाण्यांनी महाग टाका. समुद्र न पाहिलेला हा मुलगा दिवसाला हजारो शेवंडींची उलाढाल करी आणि त्याचे इंग्रजी, निदान भाव करण्यापुरते, कॉलेजातल्या कुणाहीपेक्षा पक्के झाले. नोव्हेंबर 2007 मध्ये खेळात ‘ग्रँड एक्स्चेंज’ आले. माल टाका, भाव लिहा, गिऱ्हाईक यंत्रणा शोधून देईल. आडत्याचे कामच संपले. मावसभाऊ त्यानंतर अभ्यासाला लागला, असे घरचे सांगतात.

त्या बाजारातली सर्वांत महाग चीज कोणती? कागदाची टोपी. 2001 च्या नाताळात खेळ चालवणाऱ्या कंपनीने खेळाडूंसाठी भेटीचे क्रॅकर वाटले. दोघांनी दोन टोके धरून ओढायचे, फुटले की एकाला कागदी टोपी. टोपीने ना मार वाचतो, ना मार देता येतो. पण पुन्हा वाटल्या नाहीत, म्हणून किंमत चढत गेली. खेळात एका ढिगात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 नाणी मावतात. निळ्या टोपीचा भाव पुढे त्याच्याही वर गेला, म्हणजे नुसत्या एका ढिगात तिची किंमत मोजताच येईना. सराफ बाजारात निदान सोने तरी असते.

जिथे मजुरी आहे तिथे मुकादम येणारच. खेळातली नाणी खऱ्या पैशाला विकणारे धंदेवाईक इतके वाढले, त्यातही चोरीच्या क्रेडिट कार्डांचा सुळसुळाट इतका झाला, की 2007 च्या डिसेंबरात कंपनीने रानातली खेळाडूंची आपसातली मुक्त लढाई बंद केली आणि पुढच्या महिन्यात मुक्त देवाणघेवाणीवर बंधने घातली. खेळाडूंनी खेळातच मोर्चे काढले. बंधने उठली 1 फेब्रुवारी 2011 ला, तीही मतदान घेऊन. पुढे व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तिथली कितीतरी माणसे याच खेळात हिरवे ड्रॅगन मारून, त्यांची हाडे आणि कातडी विकून, मिळालेली नाणी डॉलरला देऊन घर चालवू लागली. नियमाने ते चूक होते. पण त्यांच्या गावात नोकरीपेक्षा ड्रॅगनची मजुरी बरी पडत होती. देवपुरातला मुलगा रात्रभर राबून जे फुकट करत होता, त्याला कुणीतरी पोटापाण्याला लावले, एवढाच फरक.

सगळेच ब्राउझरवरचे खेळ असे घाम काढत नाहीत. 2003 मध्ये आलेला ‘किंगडम ऑफ लोदिंग’ रेघोट्यांची माणसे काढून चालतो. त्यात नाण्यांऐवजी मांस चालते आणि रोज चाळीस पाळ्या मिळतात. खाऊन-पिऊन थोड्या वाढवता येतात, पण संपल्या की उद्या या. खान्देशातल्या आयांना विचारले असते तर त्यांनी एकमताने हाच खेळ निवडला असता.

ब्राउझरचे दिवस मात्र सरले. क्रोमने 2015 मध्ये जावाचे जोडयंत्र चालवणे बंद केले आणि वेबपानातला रूनस्केप स्वतंत्र प्रोग्राममध्ये राहायला गेला. त्याआधीच, 2013 मध्ये, नव्या चकचकाटाला कंटाळलेल्या जवळपास साडेचार लाख लोकांनी मत देऊन ऑगस्ट 2007 मधला खेळ जसाच्या तसा परत सुरू करायला लावला. हा ‘ओल्ड स्कूल’ 30 ऑक्टोबर 2018 पासून मोबाईलवरही आहे.

आता कुणाला शिरायचेच असेल तर मामांचा सल्ला बरोबर ठेवावा. त्या रात्री एक अनोळखी खेळाडू भाच्याजवळ आला आणि म्हणाला, तुझ्या चिलखताला फुकटात सोनेरी किनार लावून देतो, जरा इकडे दे. भाच्याने अर्थ सांगताच मामा खुर्चीतून उठले. “दिऊ नको रे! हाऊ पॉलिशवाला शे!” दुपारच्या वेळी दारावर येऊन दागिने चमकवून देतो म्हणणारे आणि दागिन्यांसकट नाहीसे होणारे त्यांना चांगले माहीत होते. खेळातही किनार लावून देणारे कौशल्य अस्तित्वात नाही. किनारीची चिलखते खजिन्याच्या शोधातच सापडतात. तेव्हा चिलखत कुणाच्या हाती देऊ नका, रुपये मोजून नाणी विकत घेऊ नका, खाते बंद होते. आणि जाण्याआधी गिरणीतले दळण आणून ठेवा.