डिग्रीवाले भाऊ

डिग्रीवाले भाऊ ही नागपुरात बारमाही आढळणारी, पण चैत्र-वैशाखात विशेष जोमाने फोफावणारी जमात आहे. वय साधारण अठरा ते पस्तीस. शिक्षण इंजिनीअरिंग, झालेले किंवा राहिलेले. वास्तव्य मानेवाडा, प्रतापनगर, जरीपटका अशा वस्त्यांत, बहुधा थेट स्लॅबखालच्या खोलीत. घरात कुणाला ताप आला तर यांना थर्मामीटर सापडत नाही. प्रोसेसरचे तापमान मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यात चोवीस तास हजर असते आणि दर सेकंदाला बदलते.

जमातीची मुख्य ओळख म्हणजे संगणकात एकाच वेळी चालू असलेले, तापमान दाखवणारे तीन प्रोग्रॅम: कोअर टेम्प, एचडब्ल्यूमॉनिटर आणि एचडब्ल्यूइन्फो. तिघांचे आकडे क्वचितच जुळतात. यांतून निवड करण्याचा नियम ठरलेला आहे. संगणक स्वतःचा असेल तर सर्वांत कमी आकडा खरा. मित्राचा असेल तर सर्वांत जास्त. मित्राचा संगणक नवा आणि महाग असल्यास जास्तीच्या आकड्यातही दोन-तीन अंशांची भर पडते.

आकडे जुळत नाहीत याला कारणे आहेत. इंटेलच्या कोअर पिढीपासून, म्हणजे २००६ पासून, प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याजवळ (कोअरजवळ) डिजिटल सेन्सर बसवलेला असतो. तो तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत एवढेच सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ४० असेल तर प्रोग्रॅम वजाबाकी करून ६० दाखवतो. सुरुवातीच्या काळात डेस्कटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा जाहीर नव्हती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी कुणी ८५ धरली, कुणी १००. त्यामुळे एकच प्रोसेसर एका प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यापेक्षा १५ अंश थंड असे. इंटेलने २००८ मध्ये आकडे जाहीर केल्यावर बऱ्याच थंड प्रोसेसरांना एका रात्रीत ताप भरला.

दुसरी गोष्ट अचूकतेची. हा सेन्सर मर्यादेच्या जवळ भरवशाचा असतो, कारण त्याचे काम चिप वाचवण्याचे आहे. मर्यादेपासून दूर, म्हणजे संगणक रिकामा बसलेला असताना, तो काही अंशांनी सहज चुकतो. भाऊ मिरवतात तो आकडा नेमका रिकाम्या संगणकाचा. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सकाळी चालणारा संवाद साधारण असा: "तुह्या पीसीचं किती हाय बे?" "बत्तीस." "आयडल?" "मग काय! लोडवर कोण पाहते?"

एएमडीने २०१७ साली आणखी एक गंमत केली. रायझन १७००एक्स आणि १८००एक्स यांच्या पंख्यांचा वेग ठरवणाऱ्या तापमानाच्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिळवलेले होते; पंख्याचे वागणे सगळ्या मॉडेलांत सारखे राहावे हा हेतू. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या भाऊंनी त्या वर्षी सीताबर्डीच्या बाजारातून प्रोसेसरवर लावायच्या थर्मल पेस्टच्या ट्यूबा नेल्या. ठाऊक झाल्यावर २० वजा केले आणि श्रेय पेस्टला दिले.

मदरबोर्डवरच्या चिपमध्ये सेन्सरसाठी काही पिना ठेवलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या पिनेला काहीच जोडलेले नसले तरी प्रोग्रॅम तिचा आकडा छापतो, आणि तो बरेचदा १२७ असतो. हा आकडा पाहिलेल्या भाऊंना त्या रात्री झोप लागत नाही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे सांगितले, तेव्हा "सेन्सरच खराब हाय, दिसते ना!" असे सर्वांत आधी म्हणणारे हेच होते. १२७ च्या बाबतीत ही शंका मनाला शिवत नाही.

आता खोलीकडे. पंखा बसवा, महागडा वॉटर कूलर बसवा, प्रोसेसर आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत हवा ४१ अंश असताना प्रोग्रॅम ३४ दाखवत असेल तर चूक प्रोग्रॅमची किंवा सेन्सरची. भाऊ हे पेस्टचे यश मानतात. हवेचे तापमान विचारले तर मोबाइल काढून शहराचे सांगतात. ते उघड्या मैदानातले, सावलीतल्या यंत्राचे असते. कॅबिनेटच्या तोंडाशी, भिंतीला लागून, मॉडेमच्या शेजारी काय परिस्थिती आहे हे त्यावरून कळत नाही.

योग्य वाचन वजाबाकीचे असते. एकच काम, उदाहरणार्थ व्हिडिओ रेंडर, अर्धा तास चालू द्यावे आणि स्थिरावलेल्या आकड्यातून कॅबिनेटजवळच्या हवेचे तापमान वजा करावे. मे महिन्यात ८२ वजा ४० म्हणजे ४२. डिसेंबरात ६० वजा १८ म्हणजे ४२. दोन्ही वेळा यंत्राची प्रकृती सारखीच. भाऊंच्या डायरीत डिसेंबरला "नवीन पेस्ट, जबरदस्त रिझल्ट" आणि मे महिन्यात "प्रोसेसर गेला वाटते" अशा नोंदी सापडतात. फरक खरोखर वाढला, ४२ चा ५५ झाला, तर मात्र धूळ, वाळलेली पेस्ट किंवा अडकलेला पंखा यांच्याकडे पाहावे.

भर उन्हाळ्यातला नवतपा लागला की जमातीत कूलरवाले ही पोटजात उठून दिसते. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून ठेवलेले असते आणि घरातला एकमेव डेझर्ट कूलर, नव्या ताट्या लावून, त्या उघड्या बाजूकडे वळवलेला असतो. आजी पंख्याखाली पदराने वारा घेत असते. दारातून वडिलांचा आवाज येतो: "काऊन रे, आजी घामानं भिजून राहिली अन् तू त्या डब्ब्याले हवा देऊन राहिला?" उत्तर येते: "बाबा, फक्त रेंडर होऊ द्या. ब्याऐंशीवर गेलं हाय."

तापमान या उपायाने खरेच उतरते, कारण आत जाणारी हवाच थंड झालेली असते. प्रोसेसर सुधारलेला नसतो. ओलसर हवेबरोबर धूळ मात्र पंख्याच्या पात्यांवर घट्ट बसते आणि पाण्याचे तुषार उडाले तर क्षारांचे पांढरे ठिपके बोर्डावर उमटतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कूलर निरुपयोगी होतो. तेव्हा दोष पुन्हा पेस्टकडे जातो.

मर्यादेचा अर्थही समजून घ्यावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण कामावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो आणि तरीही ताप चढत राहिला तर संगणक बंद करतो. त्यामुळे ९५ दिसले एवढ्याने काही बिघडत नाही. वेग पडला का, हे पाहायचे असते. वेगाचा आकडा त्याच खिडकीत असतो. तिथपर्यंत भाऊंची नजर पोचत नाही.

नवे प्रोसेसर एखादी खिडकी उघडली तरी क्षणात दहा-वीस अंश उसळतात आणि तितक्याच लवकर उतरतात. अशा उसळीने भाऊ दचकतात, आणखी बारकाईने पाहता यावे म्हणून चौथा प्रोग्रॅम बसवतात. प्रत्येक प्रोग्रॅम सेन्सरला विचारण्यासाठी झोपलेल्या गाभ्याला दर सेकंदाला उठवतो, आणि रिकाम्या संगणकाचे तापमान आणखी दोन-चार अंशांनी वाढते.

उपाय स्वस्त आहे. एकच प्रोग्रॅम ठेवावा. खोलीचे तापमान दाखवणारे साधे थर्मामीटर कॅबिनेटच्या तोंडाशी टांगावे. महिन्यातून एकदा सारख्या कामावर वजाबाकी लिहून ठेवावी आणि उन्हाळ्यापूर्वी धूळ झाडावी. यानंतर बहुतेक संगणकांत करण्यासारखे काही उरत नाही, आणि नेमके हेच या जमातीला मानवत नाही. मग लक्ष ग्राफिक्स कार्डाकडे वळते. त्याच्या तापमानाचे तीन वेगवेगळे आकडे येतात.