देणाऱ्याचा नंबर कितवा?

बर्लिनच्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलची भ्रष्टाचाराची यादी आली की आपण आधी आपला नंबर शोधतो. २०२४च्या यादीत १८० देशांत भारत ९६वा, १००पैकी ३८ गुण. डेन्मार्क ९० गुणांनी पहिला, दक्षिण सुदान ८ गुणांनी तळाला.

३८ गुण लाजिरवाणेच. फेरफार नोंदीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला ते सांगायला बर्लिनहून कुणी यायला नको.

पण हे गुण कशाचे? सरकारी क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराबद्दल तज्ज्ञांचं आणि उद्योजकांचं जे मत, त्याचे. म्हणजे खुर्चीत बसून घेणाऱ्याचे.

आणि समोर पाकीट घेऊन उभा आहे, त्याचे?

स्वीडनचंच पाहा. गुण ८०. तिथल्या टेलिया या दूरसंचार कंपनीने उझबेकिस्तानात धंदा मिळावा म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष करिमोव यांच्या मुलीला कोट्यवधी डॉलर चारले. २०१७मध्ये ९६ कोटी ५० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. टेलियात सर्वांत मोठा भागधारक कोण? स्वीडनचं सरकार. उझबेकिस्तानचे गुण ३२. स्वीडनच्याच बोफोर्स तोफांचं लाच-प्रकरण आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जर्मनीत तर १९९९पर्यंत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येत होती. लाच नव्हे, धंद्याचा खर्च!

देणाऱ्यांच्या जोडीला पैसा फिरवून देणारेही असतात. पहिल्या नंबरच्या डेन्मार्कची सर्वांत मोठी बँक डान्स्के. तिच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो फिरले. त्यातला मोठा भाग संशयास्पद, बराचसा रशिया आणि आसपासच्या देशांतून आलेला. रशियाचे गुण २२.

परदेशात लाच देणं अमेरिकेने १९७७मध्येच गुन्हा ठरवलं होतं. त्या कायद्याची अंमलबजावणी ट्रम्प यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी तात्पुरती थांबवली. दुसऱ्याच दिवशी ही यादी प्रसिद्ध झाली. अमेरिका, ६५ गुण.

घेणाऱ्याला सोडा असं कोण म्हणतंय? तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकाला धरा. पण ज्याच्या पैशावर तो पोसला, त्याला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र कसं मिळतं?

हीच ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल पूर्वी परदेशात लाच देणाऱ्यांचीही क्रमवारी काढायची. शेवटची २०११मध्ये निघाली. त्यात २८ बड्या अर्थव्यवस्था होत्या, भारत १९वा. बाहेर पाकीट नेणाऱ्यांत आपलेही आहेत. ती यादी पुन्हा काढा. आपला नंबर आणखी घसरला तरी चालेल.