ओसेरहून राजूरला

ओसेर, फ्रान्स

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,


आईनं फोनवर 'नदी, बोट आणि दारूचं शहर' एवढंच ऐकलं आणि फोन बाबांच्या हातात दिला. तिचंही चुकलं नाही. आपल्याकडे नदी आणि दारू हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढचं सांगावं लागत नाही. २०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती २०२१ मध्ये उठेपर्यंत वर्धा नदी ओलांडून आपल्या वणीकडे येणाऱ्या मोटारसायकली कशाला येतात, हे शाळेतल्या लेकरालाही ठाऊक होतं.

इथलं प्रकरण वेगळं आहे, बाप्पा. नदीचं नाव योन. ती पुढे सीनला मिळते आणि सीन पॅरिसला जाते. ओसेरहून दक्षिणेला निव्हर्ने नावाचा कालवा निघतो. तो १७८४ साली खोदायला घेतला, तो पॅरिसकरांच्या चुलीसाठी. मोर्व्हाँच्या जंगलातलं जळाऊ लाकूड त्याआधी नदीत सोडून वाहवत न्यायचे. आता लाकूड गेलं आणि आमच्यासारखे सुट्टीवाले आले.

भाड्याची बोट चालवायला इथे लायसन लागत नाही. बोटवाल्यानं थोडा वेळ शिकवलं आणि चावी दिली. वेग बैलगाडीचा. काठानं धावणारी एक बाई आम्हाला मागे टाकून गेली, वर हातही हलवला. वाटेत जागोजागी पाण्याचे दरवाजे आहेत. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरू द्यायचं, बोट वर आली की पुढचं दार उघडायचं. कितीतरी दारं अजून हातानंच फिरवतात. पण दुपारी बारा ते एक दारवाला जेवायला जातो. बोट तुमची असो की राष्ट्राध्यक्षांची, तो तास त्याचा. खाणीतली पाळी सुटल्यावर बाबासुद्धा एवढ्या ठामपणे डबा उघडत नसत.

शहर जुनं आहे. सँ जेर्मँ मठाच्या तळघरात नवव्या शतकातली भिंतीवरची चित्रं आहेत. आईला मात्र बाजारातला घड्याळाचा मनोरा दाखवायला हवा होता. त्यात एक काटा सूर्याचा आणि एक चंद्राचा. चंद्राचा काटा रोज थोडा मागे पडत जातो. संकष्टीला कालनिर्णय शोधत बसायला नको, पंधराव्या शतकातला मनोराच उपवास सोडायची वेळ सांगेल.

खाण्याची काळजी करू नका. कुकर आणि बेसन बोटीवर आहे. हॉटेलात गेलो तर गोगलगायी पुढे आल्या. आपल्याकडे सोयाबीनवर शंखी गोगलगाय पडली की शेतकरी रात्री बॅटरी घेऊन वेचत फिरतो, इथे तीच लसूण-लोण्यात घालून मोजून सहा देतात आणि पैसे घेतात. तुमच्या सुनेनं ताट माझ्याकडे सरकवलं, मी ते वेटरकडे.

आता दारूचं. आई, तू हा परिच्छेद वगळलास तरी चालेल. शहराच्या हद्दीत द्राक्षांचा एक जुना मळा आहे, पूर्वी मठाच्या साधूंचा. आज तो मनोरुग्णालयाच्या आवारात आहे आणि तिथली वाइन बाटलीत भरून रीतसर विकली जाते. दारूनं माणूस तिथे पोचतो, असं आजी म्हणायची. इथे दारूच तिथून निघते.

पण मी पत्र लिहायला बसलो ते बाबांसाठी. ओसेरच्या वर थोड्या अंतरावर नदीकाठी बायी नावाचं गाव आहे. तिथे डोंगराच्या पोटात दगडाची खाण आहे. शेकडो वर्षं तिथला चुनखडीचा दगड कापून होड्यांनी पॅरिसला गेला. दगडाचं काम थांबल्यावर लोकांनी त्याच अंधारात अळंब्या लावल्या. आणि १९७२ साली आसपासच्या द्राक्षवाल्यांनी सहकारी संस्था काढून ती खाण ताब्यात घेतली. म्हणजे आपल्याकडच्या कोळसा खाणी सरकारी झाल्या, त्याच्या एक वर्ष आधी. आत आता फेसाळ वाइनच्या बाटल्याच बाटल्या निजलेल्या आहेत. क्रेमाँ म्हणतात तिला.

बाबा, आत शिरल्यावर मी काय केलं असेल? छत पाहिलं. मायनिंग सरदाराच्या पोरानं दुसरं काय पाहायचं? दगडाचे खांब सोडून खोदलंय, राजूर कॉलरीत कोळशाचे सोडायचे तसेच. टेकू कुठे दिसला नाही. काठी असती तर ठोकून आवाज ऐकला असता. गाइड बाई बुडबुड्यांबद्दल सांगत होती आणि मी वर बघत उभा. तिला वाटलं, पाहुणा भारावला. हेल्मेट नाही, कॅप लॅम्प नाही, हजेरी नाही, आणि शेवटी ग्लास हातात! खाणसुरक्षा बघणाऱ्या डीजीएमएसचा माणूस आला असता तर तिथेच बसून रिपोर्ट लिहिला असता. दोन ग्लासांनंतर लिहिला असता की नाही, ते सांगता येत नाही.

जवळच शाब्ली आहे, तिथली पांढरी वाइन जगभर जाते. तिचं सगळं श्रेय तिथले लोक जमिनीला देतात. ती जमीन म्हणजे चुनखडी आणि चुनखडीची माती, त्यात पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले बारीक शिंपले. शाब्लीवाला मूठभर माती उचलून अशी दाखवतो, जणू अंगारा. आपल्या राजूरला चुनखडी भट्टीत घालून भाजतात, पोत्यात भरतात आणि ट्रकवर चढवतात. तिची चव कशी लागते, हे भट्टीवरच्या कुणाला कधी विचारावंसं वाटलं नाही. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या घशाला ती कळत असेलच म्हणा.

तुमच्या नातीनं तिथल्या रस्त्याकडेला एक खडा उचलला, त्यावर शिंपल्याचा ठसा आहे. तो दिवाळीला येणाऱ्या मित्राबरोबर पाठवतो. बाटली पाठवत नाही, गावात उगीच चर्चा नको. आई, तो खडा लिंबाच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवू नकोस. चुनखडी आहे, आंबटात पडली की फसफसेल आणि बाबा म्हणतील, पोरानं पाठवलीच शेवटी.

तुमचा,
बाळू