‘ठीक दिसतंय’ लिहिणाऱ्या रिव्ह्यूअर साहेबांना खुले पत्र

रिव्ह्यूअर साहेब,

आपला सर्व्हर रिक्वेस्ट कशी वाचतो, तो कोड बदलणारा पॅच तुमच्याकडे आला आणि ‘ठीक दिसतंय’ लिहून तुम्ही तो मंजूर केलात. एका व्हेरिएबलच्या नावावर तुम्ही परिच्छेद खर्ची घातलात, रिकाम्या ओळींवर हरकत घेतलीत. सगळा धोका जिथे होता, त्या ओळीवर मात्र तुमचं अवाक्षर नाही. एकाच रिक्वेस्टमध्ये कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्स्फर-एन्कोडिंग असे दोन्ही हेडर आले, तर जुन्या क्लायंटच्या सोयीसाठी कंटेंट-लेंग्थ खरा मानायचा, अशी ती ओळ. वाचलीत का ती? वाचली असेल तर कळली का? आणि कळली असेल तर गप्प का बसलात?

पहिला हेडर सांगतो, मजकूर इतक्या बाइटांचा आहे. दुसरा सांगतो, मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतोय, शून्य लांबीचा तुकडा आला की संपला. आपल्या पुढचा प्रॉक्सी तुकडे मोजणार आणि मागे आपला सर्व्हर बाइट मोजणार. दोघांचा हिशेब जुळला नाही, की उरलेले बाइट कनेक्शनवर तसेच राहतात आणि सर्व्हर त्यांना पुढच्या रिक्वेस्टची सुरुवात समजतो. ती पुढची रिक्वेस्ट भलत्याच ग्राहकाची असते. हल्लेखोराने आधी पेरलेल्या ओळींना त्या ग्राहकाची कुकी जोडली जाते. त्या ग्राहकाने काय चूक केली होती, सांगाल?

हा हल्ला 2005 पासून जगजाहीर आहे. एचटीटीपीचं 2022 चं प्रमाण, आरएफसी 9112, स्वच्छ सांगतं : दोन्ही हेडर आले तर रिक्वेस्ट नाकारा किंवा फक्त ट्रान्स्फर-एन्कोडिंग माना, आणि काहीही केलंत तरी उत्तर देऊन कनेक्शन बंद करा. तुम्ही मंजूर केलेला पॅच याच्या नेमका उलट वागतो.

टेस्ट हिरव्या होत्या, असं तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात. त्या टेस्ट पॅच लिहिणाऱ्यानेच लिहिल्या होत्या आणि त्यांत एकही वाकडी रिक्वेस्ट नव्हती. सरळ रिक्वेस्ट सरळ वाचली जाते, एवढंच त्यांनी सिद्ध केलं.

अपाचीचं 2021 चं प्रकरण तुम्ही वाचायलाच हवं. 2.4.49 या आवृत्तीत रिक्वेस्टमधला पाथ साफ करण्याचा कोड बदलला. दोन टिंबं उघड लिहून वरच्या फोल्डरमध्ये जाऊ पाहणारा पाथ तो पकडत होता. दुसरं टिंब ‘%2e’ असं लिहिलं की पाथ निसटत होता. ज्या सर्व्हरवर बाहेरच्या फोल्डरांना स्पष्ट मनाई केलेली नव्हती, तिथल्या फाइली परक्यांना वाचता येऊ लागल्या. सीजीआय चालू असेल तर थेट कमांडही चालवता येत होत्या. 4 ऑक्टोबरला दुरुस्ती आली, तीही अपुरी ठरली, कारण दोनदा एन्कोड केलेलं टिंब तिच्यातूनही सुटत होतं. 7 ऑक्टोबरला पुन्हा नवी आवृत्ती काढावी लागली. त्याआधी 2002 मध्ये अपाचीत आणि 2013 मध्ये एन्जिनएक्समध्ये तुकड्याच्या लांबीचा आकडा नीट न तपासल्याने मेमरीची हद्दच ओलांडली गेली होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या, अनुभवी माणसांनी लिहिलेल्या सर्व्हरांची ही गत. आपल्या फाइलकडे चहा संपेपर्यंत नजर टाकून मंजुरी द्यायची हिंमत तुम्हाला कुठून आली?

रिक्वेस्ट वाचणारा कोड अनोळखी माणसाच्या हातचं लिखाण वाचतो. तिथे रिव्ह्यूअरने विचारायचं ते हेच : आकडा ऋण आला तर? हेडर दोनदा आला तर? ओळीचा शेवट अर्धाच आला तर? यांतला एकही प्रश्न तुम्ही विचारला नाहीत.

तो पॅच आजच मागे घ्या. दोन्ही हेडर असलेली रिक्वेस्ट 400 देऊन नाकारा आणि कनेक्शन बंद करा. वाकड्या रिक्वेस्टच्या टेस्ट आल्याशिवाय त्या फाइलमधल्या कुठल्याही बदलाला हात लावू नका. आणि तो भाग तुम्हाला कळत नसेल, तर तसं मोकळेपणी लिहा आणि ज्याला कळतो त्याच्याकडे पाठवा.

तुमच्याच टीममधला,
एक सहकारी