दोन टक्के गोडी

मेपलच्या झाडातून गळणाऱ्या रसात साखर असते जेमतेम २ टक्के. बाकी पाणी. कोल्हापूरकडच्या माणसाला हा आकडा पचत नाही. आमच्याकडे उसाच्या रसात याच्या सात-आठपट साखर, तरी गुऱ्हाळवाला उतारा पडत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेला. इथे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये, आमचे जावईबापू ४० लिटर रस आटवून १ लिटर सिरप काढतात आणि वर हसतमुख असतात. नोकरी संगणकाची, तीही घरबसल्या. त्यामुळे परसात काय वाट्टेल ते करायला माणूस मोकळा.

रस गळायलाही हवामानाची मर्जी लागते. रात्री कडाक्याने गोठलं पाहिजे आणि दिवसा वितळलं पाहिजे. त्यानेच खोडात दाब तयार होतो आणि भोकातून रस ठिबकतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात, एवढाच काय तो हंगाम. मार्चचा पहिला मंगळवार हा इथला गावसभेचा दिवस, आणि झाडांना भोकं पाडायचा जुना मुहूर्तही तोच. दीड-दोन इंच खोल भोक, त्यात तोटी, तोटीला बादली. झाड मात्र दहा-बारा इंच जाडीचं हवं, म्हणजे साधारण चाळिशीचं. आपल्याकडे चाळिशीत चष्मा लागतो, इथे तोटी.

सिरप घरात आटवायचं नाही, हा लेकीचा हुकूम. तिचं बरोबरच आहे. ४० लिटरांतलं १ लिटर पातेल्यात राहिलं तर उरलेलं ३९ लिटर जातं कुठे? भिंतींवर. स्वयंपाकघरात रस उकळल्यामुळे भिंतीचा कागद सोलून निघाल्याच्या कथा इथे घरोघरी ऐकायला मिळतात. म्हणून परसात विटांचं चुलाण आणि त्यावर केटरिंगवाल्यांचे स्टीलचे चौकोनी ट्रे. फेस वर आला की इथले लोक लोण्याचा बारीकसा खडा टाकतात. जावईबापू साजूक तूप टाकतात. फेस तितक्याच निमूटपणे खाली बसतो. मग वाट पाहायची ती तापमान पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंशांनी वर जाण्याची. जावईबापूंची नजर थर्मामीटरवर, माझी पळीवर. रस पळीच्या कडेवरून थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा ओघळला की समजावं, झालं. इथले जुने लोकही असंच पाहतात, हे कळल्यापासून माझा आवाज जरा वाढला आहे. "बाबा, अजून १०३ आहे," ते म्हणतात. "उतरवा," मी म्हणतो. गुळव्याला कोणी थर्मामीटर दाखवला असता तर त्याने तो चुलाणात घातला असता.

चुलाणापासून पन्नास पावलांवर मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. गंमत म्हणजे आत चाललेलं काम हेच: पाणी उडवणं. फुलातला मकरंद बहुतेक पाणीच असतो. माश्या तो चौकटीतल्या कप्प्यांत भरतात, रात्रभर पंखांनी वारा घालतात, आणि पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आलं की वर मेणाचं झाकण लावून मोकळ्या होतात. लाकूड नाही, धूर नाही, थर्मामीटर नाही, सासरे नाहीत. उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवडे जगते आणि उभ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध करते. तिला छंद वगैरे काही नसतो. परसात हौस म्हणून राबणारे फक्त आमचे जावईबापू.

या पेटीची युक्ती लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्याची. दोन चौकटींमध्ये साधारण ३/८ इंच फट ठेवली तर माश्या ती मोकळी सोडतात. कमी ठेवली तर डिंकाने चिकटवून टाकतात, जास्त ठेवली तर तिथेही पोळं बांधतात, हे त्याने १८५१ मध्ये हेरलं. तेव्हापासून पोळं न मोडता चौकट वर उचलता येते. माश्या मात्र टपालाने येतात. जाळीच्या खोक्यात दीडेक किलो, म्हणजे दहाएक हजार, आणि राणी वेगळ्या डबीत. टपाल कचेरीतून भल्या पहाटे फोन येतो, आणि पलीकडचा आवाज "कृपया" म्हणत असला तरी सूर "ताबडतोब घेऊन जा" असाच असतो.

हिवाळाभर माश्या पेटीत गोळा होऊन, अंग थरथरवून ऊब धरून बसतात, आणि प्रातर्विधी पेटीत करत नाहीत. महिनोन्‌महिने! मग एखादा उबदार दिवस निघतो. सगळ्या बाहेर झेपावतात आणि पांढऱ्या बर्फावर पिवळे ठिपके उमटतात. ते ठिपके पाहून जावईबापू आनंदाने ओरडतात, "जिवंत आहेत, जिवंत आहेत!" एवढा आनंद मी लेकीच्या बढतीलाही पाहिला नाही. त्याच उबेने झाडाचा रसही सुटतो, आणि माश्या थेट बादल्यांवर येऊन बसतात. पुढे मेपलच्या कळ्या फुगू लागल्या की रसाला वास येतो, सिरपचा कारभार आटोपतो. आणि त्याच कळ्यांची फुलं झाली की माश्यांना वर्षातले पहिले पराग मिळतात.

हिशेबाचं विचाराल तर विचारू नका. १९३२ मध्ये स्कॉट आणि हेलन निअरिंग हे जोडपं न्यू यॉर्क सोडून या राज्यात आलं आणि मेपलवर पोट भरून राहिलं. त्यांच्या पुस्तकाने पुढे कित्येक शहरी लोकांच्या डोक्यात खूळ भरलं. आमच्या घरात ते कपाटात आहे. लेकीने एकदा तोट्या, ट्रे, लाकूड, पेट्या, हिवाळ्यात मेलेल्या माश्यांच्या जागी आणलेल्या माश्या असा खर्च मांडला आणि बाटलीमागे आलेला आकडा नवऱ्याला न दाखवता कागद चुलाणात सारला. बाटल्या सगळ्या वाटल्याच जातात. शेजारी बदल्यात अंडी देतात.

सध्या चिंता अस्वलाची आहे. एप्रिलमध्ये ती उपाशीपोटी उठतात आणि पेट्या शोधतात. पेट्यांभोवती विजेची तार आहे, पण अंगावरच्या दाट केसांमुळे अस्वल तारेला जुमानत नाही. त्याने तिला नाक नाहीतर जीभ लावली तरच धक्का बसतो. म्हणून लोक तारेवर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या लटकवतात. जावईबापू शाकाहारी. त्यांनी शेंगदाण्याचं लोणी फासलं आहे. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, नुसतंच कसं द्यायचं, थोडा गूळ घाला.