पावतीवहिनी

टिटवाळ्याचा महागणपती लग्नं जुळवतो अशी श्रद्धा आहे. शकुंतलेची आख्यायिका या देवळाशी जोडलेली, त्यामुळे उपवर मुलामुलींचे आईबाप शहाड, आंबिवली करत इथवर येतात आणि अंगारकीला तर फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. लग्न जुळेपर्यंतची जबाबदारी देवानं घेतली आहे. पुढे त्या लग्नांना मुलं होतात, मुलं शाळेत जातात आणि शाळेच्या वाचनालयाला कपाटं नसतात. हे खातं देवाकडे नाही. ते पावतीवहिनींकडे आहे.

पावतीवहिनी प्रत्येक शाळेत एक असते. दोन असल्या तर शाळा बंद पडेल, म्हणून एकच. तिच्या पर्समध्ये पावतीपुस्तक, दोन जादा कार्बन, दोऱ्यानं बांधलेलं पेन आणि सुट्ट्या पैशांची प्लास्टिकची डबी असते. आता सगळे फोनवरून पैसे पाठवतात, तरी कार्बन तिनं सोडलेला नाही. फोनवर आलेला पैसा तिच्या मते ‘आला’, पण ‘जमा झाला’ नाही. जमा व्हायला पावती फाडल्याचा आवाज लागतो.

ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेतला प्रत्येक पालक संघाचा आपोआप सभासद होतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात. चिठ्ठी निघते ती हमखास रात्रपाळीवाल्याची, किंवा ज्याला मुलगा कुठल्या तुकडीत आहे हेच नक्की ठाऊक नसतं त्याची. वहिनींची चिठ्ठी आजवर निघालेली नाही. त्या ‘निमंत्रित’ असतात. त्यांना कोणी निमंत्रण दिलं, हे विचारायची हिंमत मुख्याध्यापकांतही नाही.

कायदा मात्र त्यांना तोंडपाठ. “प्रवेशाला देणगी मागायची नाही, 1987 पासून बंदी आहे. मी मागत नाही. मी फक्त विचारते,” असं म्हणून त्या विचारतात. ते विचारणं ऐकलेला माणूस मागणाऱ्याला दुवा देतो.

इतर शाळांतल्या वहिन्या पालकांची यादी इयत्तेनुसार ठेवतात. आमच्या वहिनींची यादी लोकलनुसार आहे. टिटवाळ्याचा बाप मुलाला शाळेत सोडायला येत नाही, मुलगा उठायच्या आत तो गेलेला असतो. त्याला गाठायचं तर फलाटावरच. त्यातही शास्त्र आहे. टिटवाळ्याहूनच सुटणाऱ्या गाडीचे पालक बसलेले, म्हणून शांत. त्यांच्याकडे थेट पावतीपुस्तक काढायचं. मागून कसारा किंवा आसनगावहून भरून येणाऱ्या गाडीत चढणाऱ्यांशी त्या वेळी माणुसकीनंसुद्धा बोलू नये. त्यांना संध्याकाळी पुलाच्या पायथ्याशी, रिक्षाच्या रांगेत धरायचं. रिक्षाची रांग सोडून कोणी पळत नाही. आयांसाठी लेडीज डबा आहेच. कल्याण येईपर्यंत तिथं अर्धी तुकडी गळाला लागलेली असते.

तरी माणूस निसटतोच. “मिस्टरांना विचारून सांगते” ही पहिली पळवाट. मिस्टरांची, “पैशाचं सगळं हीच बघते”. तिसरा तत्त्वनिष्ठ असतो: “सगळे देतील तेव्हा आम्ही सर्वांत आधी देऊ.” हे वाक्य वहिनींनी मला दोनदा म्हणून दाखवलं, दोन्ही वेळा त्याचा अर्थ लागता लागता गाडी ठाण्याला आली. आणि पालकांच्या ग्रुपवरचे अंगठे! ‘कृपया रविवारी सकाळी शाळेत या’ या निरोपाला चाळीस अंगठे येतात. रविवारी एकही हात येत नाही.

यातूनच वहिनींना एक शोध लागला. पैसे न देणारा माणूस कंजूष असतोच असं नाही. त्याला कोणी कामाचं समजलेलं नसतं. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणकार्यासाठी मुष्टिफंड मागितला होता: घरातल्या बाईनं रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचं. मूठभर धान्यानं तिचं घर बुडत नसे, पण शाळा तिची होत असे. वहिनींनी हे कुठल्याशा भाषणात ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पावतीपुस्तक पर्समध्येच ठेवून त्या भलतंच विचारू लागल्या. “भाऊ, तुमच्याकडे मोठी कढई आहे ना?”

शंभर रुपयांना नाही म्हणणारा माणूस कढईला नाही म्हणू शकत नाही. कढई आली की झारा आला, झारा आला की तो धरणारा आला. अशा रीतीनं कपाटांसाठी भरवलेल्या आनंदमेळ्यात बँकेतले एक अतिशय गंभीर गृहस्थ वडे तळताना सापडले. त्यांच्या मुलानं त्यांना दिवसाउजेडी शाळेत प्रथमच पाहिलं. त्यानं मित्राला सांगितलेलं मी ऐकलं, “ते माझे पप्पा. चटणी जास्त मागू नको, ओरडतात.” एका इलेक्ट्रिशियन पालकानं माळा लावल्या आणि जाता जाता शाळेतले तीन बंद पंखे चालू केले, ज्यांच्यासाठी वर्षभर अर्ज फिरत होता. ज्यांना काहीच येत नाही अशा लोकांसाठी वहिनींनी ‘गर्दी नियंत्रण’ खातं काढलं. मी त्या खात्यात होतो. गर्दी कढईभोवतीच होती आणि तिचं नियंत्रण गंभीर गृहस्थच करत होते.

आता थोडं हिशेबाचं. आनंदमेळ्याचं अर्थशास्त्र जगात कुठेच शिकवत नाहीत. आई पाचशेचं साहित्य आणून इडल्या करते, स्टॉलवर साडेचारशेच्या विकते, त्यांतल्या दोनशेच्या स्वतःच्याच नातेवाइकांना स्वतःच्याच पैशानं खाऊ घालते, आणि सगळे पैसे शाळेला देऊन “फायदा झाला” म्हणत घरी जाते. प्रत्येकानं सरळ शंभराची नोट दिली असती तर घाम न गाळता कपाटं आली असती, हे मी वहिनींना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी घातली आणि म्हणाल्या, “मग द्या ना शंभर.” पावतीपुस्तक बाहेर आलं. कार्बनसकट.

संध्याकाळी मोजणी झाली. पंधरा रुपये जास्त भरले. कमी भरले असते तर वहिनींनी गुपचूप पदरचे घातले असते, जास्तीचं काय करणार? तीनदा मोजलं. बँकवाल्या गृहस्थांनी तेलकट हातांनी चौथ्यांदा मोजलं. शेवटी वहिनींनी ग्रुपवर लिहिलं: ‘कोणाचे तरी पंधरा रुपये जास्त आले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी कळवावे.’

देणगीच्या निरोपाला मौन पाळणारा तो ग्रुप पाच मिनिटांत जागा झाला. एकाला भेळवाल्याकडून सुटे परत मिळाले नव्हते. एकीच्या मुलानं सरबत सांडलं होतं, म्हणजे प्यायला नव्हता. एक जण तर मेळ्याला आलेच नव्हते, पण त्यांच्या मेहुण्यानं बहुधा त्यांच्या वतीनं जास्त दिले असावेत असा त्यांचा अंदाज होता. एकंदर अकरा दावेदार निघाले.

वहिनींनी कोणालाही खोटं ठरवलं नाही. प्रत्येकाला वेगळा निरोप गेला: रविवारी सकाळी दहाला शाळेत या, समक्ष शहानिशा करू.

रविवारी अकराच्या अकरा हजर. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर आहे, शाळेला लिफ्ट नाही, आणि लोखंडी कपाटांचा टेम्पो नेमका दहालाच फाटकाशी येऊन उभा राहिला होता. “आलाच आहात तर जरा हात लावा,” वहिनी म्हणाल्या, “मग पंधरा रुपयांचं बघू.” चारही कपाटं वर चढली. त्यानंतर वहिनींनी पर्समधून सुट्ट्यांची डबी काढली, अकरा जणांना पंधरा रुपयांचे कटिंग पाजले आणि वरचे जे लागले त्याची वर्गणी त्यांच्याकडूनच काढून पावती फाडली.